काळ्या मातीत घर बांधायचंय, आर्किटेक्टकडून नेमकं काय काय घ्यायचं?

परसदारी

दर्यापूर तालुका (जि. अमरावती), गावठाणातली जागा. पूर्वेला रस्ता, रस्त्याकडे ४० फूट तोंड आणि आत ६० फूट खोली. दक्षिणेला शेजाऱ्यांची भिंत अगदी हद्दीला लागून, उत्तरेला बोळ. नमुना ८ (घरपट्टीचा उतारा) वडिलांच्या नावावर आहे. जुनं मातीचं घर पाडून खाली साधारण १२०० चौ. फूट बांधायचं, पुढे जमलं तर वर एक मजला. घरात सहा माणसं, एक बैलजोडी, ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि दिवाळीपासून भाव येईपर्यंत कापूस घरातच पडलेला असतो.

ठेकेदार म्हणतो, "नकाशा मीच काढून देतो, आर्किटेक्टला कशाला पैसे घालता, सगळं गाव असंच बांधते." अमरावतीच्या एका आर्किटेक्टकडून दरपत्रक आलंय, त्यात "प्लॅन व थ्रीडी एलिव्हेशन" इतकंच लिहिलंय. गावातली बरीच नवी घरं दोन-चार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी तडकली आहेत, म्हणून धास्ती आहे. आर्किटेक्टकडे पहिल्यांदा जाताना काय न्यायचं, त्याच्याकडून कोणते कागद घ्यायचे, फी कशी ठरवायची आणि ग्रामपंचायतीत काय लागतं? जाणकारांनी सांगावं.

ओळंबा

क्रम बदला. आधी जमीन तपासा, मग नकाशा. तुमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, काळी माती खोल. यवतमाळ-वर्ध्याकडे बऱ्याच ठिकाणी पाच-सहा फुटांवर मुरूम लागतो आणि पाया त्यावर टेकवता येतो. तुमच्याकडे तो भरवसा नाही. म्हणून तिकडचा नकाशा, तिकडची फुटिंगची (कॉलमखालच्या पायाच्या ठोकळ्याची) मापं इकडे उचलून आणणं हाच पहिला घोटाळा.

तिरपे तडे का जातात ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराखालची, मधली माती स्लॅबच्या सावलीत जवळपास सारखी ओली राहते. कडेची माती मात्र दर वर्षी वर-खाली होते. चार-पाच फुटांवर टेकलेलं बाहेरचं फुटिंग तिच्यासोबत हलतं, आतलं हलत नाही, आणि भिंत आपल्या सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यात फाटते. लोखंड वाढवून हे थांबत नाही, कारण दोष कॉलममध्ये नसतो, पाया कुठे टेकलाय त्यात असतो.

म्हणून आर्किटेक्ट ठरवण्याआधी किंवा ठरवताच माती परीक्षण. दोन बोअर, ५ ते ६ मीटर खोल, घराच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत. अहवालात भारक्षमता तर असतेच, पण मुद्दाम मागून घ्या: फ्री स्वेल इंडेक्स (माती किती फुगते), लिक्विड, प्लास्टिक आणि श्रिंकेज लिमिट (किती पाण्यावर ती वाहू लागते, मळता येते आणि आकसायची थांबते), स्वेलिंग प्रेशर (फुगताना किती जोर लावते), आणि मातीतले क्लोराइड-सल्फेट हे क्षार. फ्री स्वेलची चाचणी अगदी साधी असते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन नळकांड्यांत टाकायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा किती टक्के जास्त फुगली ते बघायचं. आकडा ५० च्या वर गेला की नेहमीच्या फुटिंगचा विचार सोडा.

अशा जमिनीत घरांसाठी चालत आलेला उपाय म्हणजे अंडर-रीम पाईल (तळाशी फुगवटा असलेला काँक्रीटचा खोल खांब), आयएस २९११ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे (कोडप्रमाणे). ३०० मिमी व्यासाचा खड्डा किमान साडेतीन मीटर खोल, तळाशी व्यासाच्या अडीचपट म्हणजे ७५० मिमीचा फुगवटा. फुगवटा हलणाऱ्या थराच्या खाली जातो आणि पाईलला धरून ठेवतो. मध्यम जमिनीसाठी कोडच्या तक्त्यात २५० मिमीच्या एका पाईलला १२ टन आणि ३०० मिमीच्याला १६ टन धरतात. आता तुमचा "पुढे जमलं तर वर मजला" बघा. दोन मजल्यांच्या घरात मधल्या कॉलमवर पस्तीस-चाळीस टन सहज येतात. म्हणजे त्याच्याखाली एक पाईल पुरत नाही, दोन-तीन पाईल आणि वर कॅप (त्यांना एकत्र बांधणारा काँक्रीटचा ठोकळा) लागेल, किंवा दोन फुगवट्यांचा मोठा पाईल. वरचा मजला होणार की नाही हे आजच ठरवा. पाया नंतर वाढवता येत नाही.

पाईलवर प्लिंथ (जोत्याचा) बीम येतो, आणि गावात सगळ्यात जास्त चूक इथेच होते. बीम जमिनीला टेकलेला नको. खाली किमान ८० मिमी पोकळी राहिली पाहिजे, नाहीतर फुगलेली माती बीमलाच वर ढकलते आणि पाईलचा सगळा खर्च पाण्यात. सेंट्रिंगचा त्रास नको म्हणून मिस्त्री जमिनीवरच पीसीसी (विनालोखंडाचं काँक्रीट) करून त्यावर बीम भरतो. ही पोकळी नकाशात छेद काढून दाखवलेली हवी, आणि दोन्ही बाजूंनी विटा किंवा फरशी उभी लावून माती आत घसरणार नाही असं करायला हवं. आतल्या पार्टिशनच्या भिंतीसुद्धा बीमवरच, फरशीच्या बेडवर कधीच नाही.

प्लिंथमध्ये खोदलेली काळी माती ढकलू नका. जोतं अडीच फूट धरलं तर १२०० चौ. फूट गुणिले अडीच फूट म्हणजे ३००० घनफूट, ३० ब्रास. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून ३८ ते ४० ब्रास धरा. सहा-आठ इंचांचे थर, पाणी, धुम्मस. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये "भराई" एवढंच असतं. कशाची भराई ते लिहून घ्या.

गुण्या

ओळंबा यांनी पायाचं सांगितलं, मी वरचं सांगतो. पहिल्या भेटीला "थ्री बीएचके, हॉल मोठा" असं सांगायला जाऊ नका. चार कागद न्या. मोजणीचा नकाशा किंवा निदान चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजलेलं कच्चं चित्र, कारण गावठाणातल्या जागा क्वचितच काटकोनात असतात. शेजाऱ्यांची भिंत, बोळ, नाली, विजेचा खांब, झाडं यांच्या जागा आणि झाडांची उंची. रस्त्याची पातळी, आणि गेल्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ती खूण. आणि घरातल्या वस्तूंची यादी मापांसह: पलंग, कपाट, देवघर, कोठी, पिठाची गिरणी असली तर तीसुद्धा.

शेतकऱ्याच्या घरात नकाशा बिघडतो तो साठवणीवरून. सैल ढिगात एक क्विंटल कापूस जवळपास एक घनमीटर किंवा जास्तच जागा खातो. म्हणजे ४० क्विंटलला १२ बाय १२ ची खोली दहा फुटांपर्यंत भरते. तुमचा आकडा किती ते आर्किटेक्टला सांगा, नाहीतर कापूस हॉलमध्ये आणि पाहुणे ओसरीत. कापसाच्या खोलीला स्वयंपाकघराची भिंत लागू देऊ नका, आत विजेचा बोर्ड नको, स्विच बाहेर, दार अंगणाकडे उघडणारं आणि ट्रॉली मागे लागेल एवढं रुंद, चार फुटांहून कमी नको. सोयाबीन-तुरीची पोती वरच्या मजल्यावर ठेवायचा विचार असेल तर तेही आधी बोला. राहण्याच्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने काढतात. सहा फूट उंच पोत्यांची थप्पी १२०० किलोच्या आसपास जाते.

आता तुमच्या जागेचं गणित. ३० बाय ४० चं घर सगळेच सुचवतील, कारण आकडा गोल आहे. पण ४० फुटांतून ३० घराला आणि १० ट्रॅक्टरला गेले की दक्षिणेला काहीच उरत नाही. शेजाऱ्यांच्या भिंतीला घर चिकटतं आणि दक्षिणेच्या सगळ्या खिडक्या संपतात. त्याऐवजी २७ फूट रुंद आणि ४४ फूट लांब करून बघा, क्षेत्र ११८८ चौ. फूट, म्हणजे तेवढंच. उत्तरेला दहा फुटांचा ट्रॉलीचा रस्ता, दक्षिणेला तीन फुटांची गल्ली, मागे सोळा फूट परस. किती जागा सोडायची हे नियमानेही तपासून घ्यावं लागेल, पण सुरुवात इथून करा. लांब बाजू आपोआप उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून येतात, आणि आपल्या उन्हाला तेच हवं.

दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा पुरतो. मार्च-सप्टेंबरच्या दुपारी तो पाचेक फूट खाली सावली पाडतो, डिसेंबरात जेमतेम दोन फूट, म्हणजे थंडीत ऊन आत येतं. मे-जूनमध्ये तर सूर्य डोक्यावरच असतो. पश्चिमेला मात्र छज्ज्याचा उपयोग नाही, उतरतं ऊन आडवं येतं. तिथे जिना, न्हाणी, धान्याची खोली टाका, खिडक्या लहान ठेवा, भिंत नऊ इंचीच. राखेच्या विटा पारस, कोराडी, चंद्रपूरच्या वीज केंद्रांमुळे विदर्भात सहज मिळतात. घेताना पाणी किती पितात ते बघा, वजनाच्या २० टक्क्यांवर नको. स्लॅबवर पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे बसवले तर वरची खोली राहण्यालायक होते. तेवढे पैसे नसतील तर दर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचे दोन हात.

कुलर. विदर्भातल्या घराच्या नकाशात कुलर दाखवलेला नसेल तर तो नकाशा पुण्या-मुंबईचा उतरवलेला आहे असं समजा. कुलर उत्तरेला सावलीत. त्याच्या मापाची खिडकी, बाहेर ओट्याऐवजी भिंतीत बसवलेला लोखंडी स्टँड, वर पाण्याचा नळ, खाली निचऱ्याची नळी, आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला उघडी खिडकी किंवा झरोका. हवा निघायला वाट नसेल तर दोन तासांत खोली दमट होते आणि लोक कुलरला दोष देतात. कुलरचं सांडपाणी पायाशी मुरू देऊ नका. उन्हाळाभर एकाच कोपऱ्यात माती ओली राहिली की ओळंबा यांनी वर सांगितलेला खेळ उलट दिशेने सुरू होतो.

गोठा मागे पश्चिमेला टाकायची रीत आहे, पण पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि वास, माश्या सरळ स्वयंपाकघरात. तुमच्या परसात वायव्य कोपरा त्यातल्या त्यात बरा. गोमूत्राची नाली घराच्या उलट उताराने.

वास्तूचं जे काही पाळायचं असेल ते घरातल्या मोठ्यांनी पहिल्या बैठकीतच सांगावं. नकाशा पक्का झाल्यावर ते निघालं की सगळं पुन्हा. एक गोम सांगून ठेवतो. पाण्याची टाकी नैर्ऋत्येला हवी असते आणि सोलर पॅनेलला दक्षिणेकडून सावली नको असते. किलोवॅटला साधारण १०० चौ. फूट मोकळा स्लॅब लागतो, तेवढा आधी राखून ठेवा आणि मग टाकीचं भांडण सोडवा.

खर्चवही

"प्लॅन व थ्रीडी एलिव्हेशन" हे दरपत्रक नाही, जाहिरात आहे. त्याच आर्किटेक्टकडून कामाची यादी लिहून मागा. तीत हे असायला हवं: जागेचा नकाशा, प्रत्येक मजल्याचा मापांसह नकाशा, दोन तरी छेद (एक जिन्यातून, एक न्हाणी-संडासातून), चारही बाजूंचं दर्शन (एलिव्हेशन), सेंटरलाइन (कॉलमच्या मध्यरेषांचा नकाशा), पाईल आणि कॅप, कॉलमचा तक्ता, प्लिंथ बीम, स्लॅबचं लोखंड, जिन्याचं लोखंड, दार-खिडक्यांचा तक्ता, विजेचे पॉइंट, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, सेप्टिक टँक. लोखंडाचे नकाशे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे असतात. त्याची फी आर्किटेक्टच्या आकड्यात आहे की वेगळी, हे न विचारल्यामुळे अर्धे वाद होतात. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के वरून लागतात, तेही विचारा.

फी टक्क्याने, चौरस फुटाने किंवा ठोक, कशीही ठरवा, पण टप्पे बांधा. साधारण अशी विभागणी दोघांनाही परवडते: नेमताना १० टक्के, आराखडा पक्का झाल्यावर २०, मंजुरीचे नकाशे सही करून दिल्यावर १५, बांधकामाचे आणि लोखंडाचे सगळे नकाशे हातात आल्यावर २५. उरलेले ३० प्लिंथ, स्लॅब आणि छपाई यांच्या भेटींना वाटून. सगळे पैसे नकाशावर देऊन टाकले की भेटीला कोणी येत नाही.

भेटी किती आणि कधी, तेही करारात. लाइन-आउट (जागेवरची आखणी), पाईलचे खड्डे खोदल्यावर भरण्याआधी, प्लिंथ बीमचं लोखंड, लिंटेल, स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी, आणि पाइप झाकण्याआधी. अमरावती ते दर्यापूर पन्नासेक किलोमीटर, तेव्हा जाण्या-येण्याचा खर्च धरलाय का ते बघा. दुरुस्त्या किती फुकट आणि कुठल्या टप्प्यानंतर पैसे लागतील, हेही एका ओळीत लिहा.

आणि एक वेगळं मत. बजेट तंग असेल आणि वरचा मजला नक्की नसेल, तर आर्किटेक्टऐवजी परवानाधारक सिव्हिल इंजिनिअर आणि स्ट्रक्चरल डिझायनर एवढ्यावर भागतं. दर्शन साधं राहील, काही बिघडत नाही. पण माती परीक्षण आणि भेटी यांत काटकसर नको. ठेकेदारानेच नकाशा काढायचा आणि त्यानेच बांधायचं, हे मात्र नको. स्वतःचं काम स्वतःच तपासणारा कोणी नसतो.

गुण्या

वरच्या मताशी निम्मा सहमत. चौकोनी, रिकाम्या प्लॉटवर इंजिनिअर पुरतो. इथे ट्रॉली, बैल, कापूस, सहा माणसं आणि एका बाजूने बंद जागा आहे. खोल्या एकमेकींशी कशा जोडायच्या हा इथला खरा प्रश्न आहे, आणि तेच आर्किटेक्टचं काम. फक्त तो खरंच आर्किटेक्ट आहे का ते बघा. १९७२ च्या कायद्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच ती पदवी लावता येते. नोंदणी क्रमांक "सीए" ने सुरू होतो, काउन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पाटीवर आर्किटेक्ट लिहिलेले सगळे त्या यादीत सापडतीलच असं नाही.

नमुना_आठ

कागदांचं थोडक्यात. नमुना ८ हा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा उतारा आहे, तो एकटा मालकीचा पक्का पुरावा धरत नाहीत. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक आणि सनद काढून घ्या. बँकेला कर्जासाठी तेच जास्त पटतं. जागा वडिलांच्या नावावर असल्याने परवानगीचा अर्जही त्यांच्याच नावाने. भावा-बहिणींचा हिस्सा असेल तर वाटणी किंवा संमती पाया खोदण्याआधी, नंतर नाही.

४० गुणिले ६० म्हणजे २४०० चौ. फूट, सुमारे २२३ चौ. मी. २०२० च्या युडीसीपीआर (राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण) नियमावलीनंतर ग्रामीण भागात १५० चौ. मी. पर्यंतच्या आणि १५० ते ३०० चौ. मी. च्या भूखंडांसाठी सुटसुटीत पद्धत आली. तुमचा प्लॉट दुसऱ्या गटात. मालकीचे कागद, जागेचा आणि इमारतीचा नकाशा, आणि हे नियमाप्रमाणे आहे असं परवानाधारक अभियंत्याचं किंवा आर्किटेक्टचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं, शुल्क भरायचं आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र घ्यायचं. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. बोलण्यावर जाऊ नका, ग्रामसेवक बदलतात. प्रमाणपत्रावर सही करणाराच पुढे साइटवर येणार आहे का, हेही विचारा. सही एकाची, काम दुसऱ्याचं, असा प्रकार बराच चालतो.

जुनं घर पाडण्याआधी त्याचे चारही बाजूंनी फोटो आणि हद्दीच्या भिंतीची मापं शेजाऱ्यांसमोर घ्या. पाडल्यावर हद्द कुठे होती हे कोणालाच आठवत नाही.

थापीवाला

भाऊ, वरचं सगळं बराबर हाये, पण मिस्त्र्याच्या बाजूनंबी थोडं पाहा. नकाशा मोबाइलवर धाडला तं उन्हात साइटवर काहीच दिसत नाई. ए-थ्री कागदावर काढून लॅमिनेशन करून द्या, अन् मापं फूट-इंचातबी लिवून घ्या. इंजिनिअर "८ एमएम, १५० सी-सी" लिवते, म्हणजे आठाची सळाख दर सहा इंचावर. समोर तसं लिवलं असलं तं भांडण नाई.

कव्हरचे (सळाखीवर काँक्रीटचा थर राखाचे) ठोकळे आधी पाडून ठेवा: स्लॅबला २० एमएम, बीमला २५, कॉलमले ४०. गिट्टीचा तुकडा खाली सरकवून भागत नाई, सळाख खाली बसते अन् मंग स्लॅबची पोपडी पडते. कुलरची खिडकी, पाइपाचे भोकं स्लॅब-बीमच्या आधी सांगा. मागून बीम फोडाले लावता अन् नाव मिस्त्र्याचं खराब होते. एम-२० माल (घराले लागते ते काँक्रीट) हातानं केला तं एका पोत्यामागं पाणी तीस लिटरच्या वर नाई, तेबी रेती ओली असंन तं आणखी कमी. ढिला माल सरकाले सोपा असते म्हून मजूर पाणी ओततेत, तिथं घरचा माणूस उभा पाह्यजे. उन्हाळ्यात स्लॅब असला तं पहाटे सुरू करा, गिट्टीवर आदल्या रातीपासून पाणी मारा. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटले तराई दहा दिवस तं पाह्यजेच, चौदा केली तं चांगलं. बांध घालून पाणी भरा, पाइपानं शिपडून उन्हात पाच मिनिटं टिकत नाई.

परसदारी

सगळ्यांचे आभार. वरचा मजला धरूनच पाया करायचं ठरवतो. दोन शंका राहिल्या. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं आहे, बांधकामाला चालेल का? आणि संडासाचा शोषखड्डा ठेकेदार परसात, घरापासून आठ फुटांवर म्हणतोय.

ओळंबा

खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी तपासल्याशिवाय लोखंडाच्या काँक्रीटला वापरू नका. आयएस ४५६ ची मर्यादा आरसीसीसाठी (लोखंडाच्या काँक्रीटसाठी) क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅम, सल्फेट ४०० मिलिग्रॅम, आणि सामू (पीएच) ६ च्या खाली नको. विनालोखंडाच्या काँक्रीटला क्लोराइड २००० पर्यंत चालतं, म्हणजे तेच पाणी पीसीसीला चालेल आणि स्लॅबला नाही, असं होऊ शकतं. माती परीक्षणासोबतच एक बाटली द्या. आकडे वर गेले तर आरसीसीला आणि त्याच्या तराईलाही गोड्या पाण्याचा टँकर, आणि तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा. खाऱ्या पाण्याने केलेला स्लॅब लगेच काही दाखवत नाही. काही वर्षांनी आतली सळई गंजून फुगते आणि कव्हर सुटतं, तेव्हा इलाज महाग पडतो.

खारं पाणी आहे तर स्लॅबचं पावसाचं पाणी धरायचंही आर्किटेक्टला सांगा. ७०० मिमी पाऊस धरला तरी १००० चौ. फुटांवरून वर्षाला पन्नासेक हजार लिटर मिळतात. पहिल्या पावसाचं सोडून द्यायची फांदी, मग गाळणी, मग टाकी. टाकी जमिनीखाली विटांची नको, काळ्या मातीत ती हमखास तडकते आणि तिची गळती पायाला लागते. वर ठेवा, किंवा आरसीसीची डिझाइन करून घ्या.

आठ फुटांवर शोषखड्डा नको. एक तर काळी माती पाणी शोषतच नाही, पावसाळ्यात खड्डा भरून उलटा येतो. दुसरं, जेवढं मुरेल तेवढं तुमच्याच पायाशी जाईल. सेप्टिक टँक आरसीसीची, न गळणारी करा. दहा माणसांसाठी, दोन वर्षांनी उपसायची, आतून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद, पाण्याची खोली १.४ मीटर. तिच्यातून निघणारं पाणी घरापासून किमान ६ मीटर आणि विहीर-बोअरपासून १८ मीटर दूर न्या. तुमचा परस सोळा फूट म्हणजे पाच मीटरच आहे, म्हणजे शोषखड्डा तिथे बसत नाही. ग्रामपंचायतीची बंद नाली असेल तर टँकचं निथळ तिला जोडायची परवानगी अर्जातच मागा. नसेल तर उथळ चर काढून, गिट्टी-रेती भरून वर कर्दळ-केळी लावायचा पर्याय आर्किटेक्टशी बोला. मात्र तो चरही घरापासून तेवढाच लांब हवा, तेव्हा जागा पुरते का ते त्याच्यासोबत आधी मोजून बघा.

आणखी तीन गोष्टी नकाशात लिहून घ्या, त्या कोणी आपणहून करत नाही. घराभोवती एक मीटर रुंद फरशीचा पट्टा, बाहेरच्या बाजूला ३० ला १ उतार, आणि भिंत-पट्ट्याच्या सांध्यात डांबराची पट्टी. दक्षिणेच्या तीन फुटांच्या गल्लीत तर हे लागतंच, तिथे छपराचं पाणी साचणार. बाहेरचा ओटा, पायऱ्या आणि कंपाउंडची भिंत घराला जोडू नका, मध्ये सांधा ठेवा. त्यांचा पाया उथळ असतो, त्या हलणारच, पण घराला ओढून हलू नयेत. आणि कडुनिंब घरापासून त्याच्या वाढीव उंचीइतका लांब. नवं लावायचं असेल तरी आणि जुनं तोडायचं असेल तरीही विचार करा. मोठं झाड तोडल्यावर त्याच्या मुळांनी कोरडी केलेली माती पुढचे काही पावसाळे फुगत राहते. तोडणार असाल तर आजच तोडा आणि मधे किमान एक पावसाळा जाऊ देऊन मग पाईल खोदा.